रिटायर व्हायचंय? सायकल घेऊन आसनगावला उतरा!

ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी हल्ली दोनच विषय ऐकू येतात. एक, रविवारी कोणी किती किलोमीटर मारले. दोन, नोकरी नक्की कधी सोडायची. तिशी उलटायच्या आत एसआयपीचे आकडे तोंडपाठ असलेली ही पिढी रिटायरमेंटचं वय ५८ नाही, ४५ धरून चालते. त्यातही ज्यांना सायकलचा किडा चावलाय त्यांचं स्वप्न ठरलेलं असतं. सकाळी सहाला सायकल बाहेर काढायची, मागून हॉर्न मारणारं कोणी नको, समोर डोंगर हवा, आणि परत आल्यावर अंगणात चहा. बस्स, एवढंच!

स्वप्न झकास आहे. फक्त त्यात पत्ता नसतो. मग पत्ता शोधायला इंटरनेट उघडलं जातं. हिमाचलपासून सिंधुदुर्गापर्यंतचे फोटो बघून होतात आणि सोमवारी पुन्हा तीच ८.२७ची फास्ट पकडली जाते. आमचं म्हणणं साधं आहे. इतक्या लांब जायच्या आधी एकदा कसारा लोकल पकडा आणि आसनगावला उतरा. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले दोन तालुके तुम्ही आम्ही ट्रेकला जाताना, नाशिकला जाताना, नाहीतर माळशेजला भिजायला जाताना नुसते ओलांडलेले असतात. तिथे राहायचं, म्हातारं व्हायचं, आणि तेही सायकलवर, या नजरेने फार कमी जणांनी तिकडे पाहिलेलं असतं. तर चला, त्या नजरेने पाहू या. पण डोळे उघडे ठेवून हं!

कल्याणच्या पुढची दुनिया

कल्याणला गाड्या दोन दिशांना फुटतात. एक कर्जतकडे, एक कसाऱ्याकडे. कसाऱ्याच्या दिशेला टिटवाळा गेलं की डब्यातली गर्दी विरळ होते, खिडकीबाहेर भातखाचरं सुरू होतात. खडवली, वासिंद, आणि मग आसनगाव. सीएसएमटीपासून साधारण ८६ किलोमीटर आणि दोन तासांच्या आसपासचा प्रवास. शहापूर हे तालुक्याचं गाव, पण त्याचं स्टेशन म्हणजे आसनगावच. बाजार, कचेऱ्या, कॉलेज सगळं शहापुरात, स्टेशनपासून दोन-तीन किलोमीटरवर. सायकलवाल्याच्या हिशेबात हे अंतर म्हणजे पाय मोकळे करणं!

मुरबाडचं गणित वेगळं. तिथे रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या घोषणा ऐकत तिथली एक पिढी मोठी झाली. आज मुरबाड गाठायचं तर कल्याणहून एसटी, जीप किंवा स्वतःची गाडी. हा फरक आत्ता छोटा वाटेल, कारण आत्ता तुमच्या पार्किंगमध्ये कार आहे. पण आपण बोलतोय तुमच्या सत्तरीबद्दल. तो मुद्दा पुढे येईलच.

आधी पेडल मारू

जागा सायकलसाठी कशी आहे हे फोटोवरून कळत नाही, मांड्यांना कळतं. म्हणून हिवाळ्यातल्या चार रविवारी चार राइड करा.

पहिली राइड माहुलीची. स्टेशनपासून माहुली गाव पाच-सहा किलोमीटरवर. समोर माहुली, भंडारगड आणि पळसगड अशी तिहेरी डोंगररांग. ठाणे जिल्ह्यातल्या सर्वांत उंच किल्ल्यांमध्ये माहुलीची गणना होते. याच गडावर १६३६ मध्ये शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यापुढे तह करावा लागला. वाट छोटी, चढ सौम्य, आणि डोंगर सतत समोर. ही रोजची राइड होऊ शकते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण रिटायरमेंटमध्ये किंमत रोजच्या राइडला असते, वर्षातून एकदा मारलेल्या राइडला नाही.

दुसरी तानसाची. पुढचं स्टेशन आटगाव. तिथून तानसा तलावाकडे जाणारा साधारण बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता अभयारण्याच्या जंगलातून जातो. साग, ऐन, मोह. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटलेला असतो. सावली आहे, वळणं आहेत, वाहनं कमी. १८९२ मध्ये बांधलेल्या तानसा धरणाचं पाणी मुंबई आजही पिते. जंगल आहे, तेव्हा अंधार पडायच्या आत परत फिरायचं आणि वनखात्याच्या पाट्या वाचायच्या. त्या शोभेसाठी लावलेल्या नसतात.

तिसरी शहापूर ते किन्हवली ते सरळगाव. सरळगावला तुम्ही कल्याण-माळशेज रस्त्याला लागता, तिथून मुरबाड जवळ. हा लांबचा पण बहुतांशी सोपा प्रवास. छोटे चढउतार, ओढ्यांवरचे पूल, शेताच्या कडेची घरं. दमलात तर वडापावची गाडी सापडते, पंक्चर झालं तर कोणीतरी सांगतं की ‘त्या वळणावर विचारा’. मुरबाडहून पुढे म्हसा आहे. तिथली पौष पौर्णिमेची जत्रा गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध. जत्रेच्या दिवसांत मात्र त्या रस्त्यावर सायकलला जागा मिळायची नाही!

चौथी राइड खऱ्या हौशी मंडळींसाठी. शहापूरहून डोळखांब, साकुर्ली करत डेहणे. समोर सह्याद्रीची भिंत आणि त्यात आजोबाचा डोंगर. लव आणि कुश इथे राहणाऱ्या वाल्मीकींना आजोबा म्हणायचे, म्हणून डोंगराचं नाव आजोबा, असं परिसरात सांगतात. निवृत्तीची जागा बघायला निघालेल्या माणसाला याहून चांगला शेजारी कोण मिळणार? ज्यांना एवढ्यानेही भागत नाही त्यांच्यासाठी एका बाजूला माळशेज आणि दुसऱ्या बाजूला कसाऱ्याचा थळ घाट आहेच. थळ घाट चढून इगतपुरीला पोचलात की तुम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर असता. गार वाऱ्यात चहा पिताना आपण अजून तरुण आहोत असं वाटतं.

तुमचं कोणतं वय तिथे राहणार आहे?

आता मुद्द्याचं. सायकलवाला जागा निवडतो तेव्हा तो चौथी राइड डोक्यात ठेवून निवडतो. घाट जवळ आहे ना? मग डन! पण प्लॉटवर राहणार आहे तो माणूस आजचा नाही. पंचेचाळिशीत तुम्ही माळशेज चढाल. साठीत कदाचित किन्हवलीपर्यंत जाऊन याल. पंच्याहत्तरीत माहुली गावापर्यंत गेलात तरी घरचे कौतुक करतील. आणि एक दिवस असा येईल की गुडघा, डोळा किंवा डॉक्टर, यांपैकी कोणीतरी सायकल बंद करेल. तेव्हा दूध, औषध, बँक आणि दोन शब्द बोलायला माणूस यांच्यापर्यंत तुम्ही कसे पोचणार?

म्हणून जागा तपासायचा खरा प्रश्न ‘इथे सायकल चालवता येते का’ हा नाहीच. ‘सायकल सुटल्यावरही इथे राहता येईल का’ हा आहे. सायकलवेड्या माणसाला हा प्रश्न विचारवत नाही. म्हणूनच तो आत्ता, पायात ताकद असताना विचारायला हवा.

घाबरवायचा हेतू नाही. फ्रान्समधल्या रोबेर मार्शां यांचं उदाहरण बघा. तरुणपणी सुटलेली सायकल त्यांनी वयाच्या ६८व्या वर्षी पुन्हा हातात घेतली. २०१२ मध्ये, शंभरी गाठल्यावर, त्यांनी तासाभरात २४ किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. २०१४ मध्ये १०२ वर्षांचे असताना आपलाच विक्रम मोडत जवळजवळ २७ किलोमीटर. जानेवारी २०१७ मध्ये १०५व्या वर्षी २२.५४७ किलोमीटर. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा १०९ वर्षांचे होते. आणि हे गृहस्थ राहायचे कुठे? आल्प्सच्या कुशीतल्या बंगल्यात नाही. पॅरिसबाहेरच्या मित्री-मोरी नावाच्या साध्या उपनगरात, जिथे पॅरिसच्या लोकलची एक लाइन संपते! म्हणजे त्यांचं आसनगावच म्हणा ना.

यातला धडा लोकलचा आहे. घाट तुम्हाला पंधरा वर्षं पुरेल, स्टेशन चाळीस वर्षं पुरेल. आसनगाव-शहापूर पट्ट्यात स्टेशन, बाजार, दवाखाना आणि पाच किलोमीटरची सोपी राइड हे सगळं एकमेकांच्या जवळ आहे. ही त्याची जमेची बाजू. डोळखांबच्या पुढे नदीकाठी स्वस्तात मिळणारा प्लॉट दिसायला दहापट सुंदर असेल. पण तिथे तुम्ही सायकलवर किंवा कारवर अवलंबून, आणि दोन्ही चालवणारे तुम्ही एकटेच.

मधला एक मार्ग विसरू नका. ई-सायकल. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल तर आपल्याकडे तिला नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही. साठीनंतर चढ सपाट करून देणारं हे यंत्र आहे, त्यात कमीपणा काही नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी सायकलवाले सहसा एकमेकांना सांगत नाहीत. सायकलिंगने हृदय आणि फुप्फुसं खूश होतात, पण हाडांवर शरीराचं वजन पडत नसल्याने हाडांना म्हणावा तसा व्यायाम मिळत नाही. त्यासाठी चालणं आणि वजन उचलणं हवं. आसनगावला त्याची सोय डोंगरानेच करून ठेवली आहे. आठवड्यातून एक दिवस सायकल पायथ्याशी लावा आणि गडाच्या वाटेने थोडं वर चढा.

हायवे नावाचा शेजारी

आता कडू गोळ्या. पहिली म्हणजे मुंबई-नाशिक महामार्ग. तो आसनगाव-शहापूरला चिकटून जातो. कंटेनर, ट्रेलर, नाशिककडची भाजी, वीकएण्डच्या कार, आणि उलट्या दिशेने येणाऱ्या मोटरसायकली. वर सांगितलेल्या बहुतेक राइडमध्ये थोडा तरी हायवे येतो, निदान तो ओलांडावा तरी लागतोच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि तो याच तालुक्यातून जातो. पण त्यावर सायकलला प्रवेश नाही. तेव्हा समृद्धी कारवाल्यांची, आपल्या वाट्याला जुना हायवेच.

या भागात रस्ते ओलांडणं काय असतं हे एका बिबट्याला विचारायला हवं होतं. २००९ मध्ये विहिरीतून सोडवलेल्या एका वयस्क बिबट्याला कॉलर लावून माळशेजच्या परिसरात सोडलं. संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. हा आजोबा महिनाभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालला. हायवे ओलांडला, कसारा स्टेशन ओलांडलं, आणि थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी सिनेमाही आला. पण त्याआधीच, २०११ मध्ये, रस्त्यावर एका वाहनाच्या धडकेत तो मेला होता. जंगल पार करणं त्याला जमलं, रस्ता जमला नाही.

म्हणून घर निवडताना एक नियम पाळा. रोजच्या राइडच्या रस्त्यावर पोचण्यासाठी हायवेवर सायकल चालवावी लागत असेल तर ते घर बाद. ओलांडावा लागला तर तो पुलाखालून किंवा सिग्नलवर, दुभाजकातल्या फटीतून नाही. प्लॉट विकणारा ‘हायवे टच’ हे शब्द जितक्या अभिमानाने सांगेल तितक्या वेगाने तुम्ही तिथून निघा.

चार महिने पाऊस, दोन महिने भट्टी

शहापूर-मुरबाडचा पाऊस म्हणजे फोटोतला धबधबा नव्हे. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस लागला की दिवसेंदिवस थांबत नाही. साकवावरून पाणी जातं, डांबर उखडतं, कालचा रस्ता आज खड्डा असतो. जुलैमध्ये भिजत केलेली एक राइड मजेची असते. चार महिने रोज ओल्या ब्रेकवर चालवणं ही मजा नाही. मडगार्ड, मागचा लाल दिवा, जाड टायर, आणि घरात ट्रेनर लावायला एक कोपरा, हे सगळं बजेटमध्ये धरा.

पाऊस लोकललाही सोडत नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला वासिंद आणि आसनगावच्या दरम्यान रुळांवर दरड आली आणि नागपूरहून मुंबईला येणाऱ्या दुरोंतोचे डबे घसरले. जुलै २०२४ मध्ये आटगावच्या पुढे रुळांवर माती आणि वासिंदजवळ झाड पडल्याने कल्याण-कसारा वाहतूक कोलमडली. चांगल्या दिवसांतही गाड्या दादर-ठाण्यासारख्या मिनिटाला नसतात. एक चुकली की दुसरीची वाट बघा. तेव्हा ‘काही झालं तर लोकल आहेच’ हे वाक्य पावसाळ्यात म्हणताना जरा दबकतच म्हणा.

आणि उन्हाळा? एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी गाठतो. समुद्राचा वारा इथवर पोचत नाही. सकाळी साडेसात वाजता सायकल आत, हे वेळापत्रक. रिटायर माणसाला लवकर उठायचा कंटाळा नसतो म्हणतात, तर ते तिथे सिद्ध करता येईल!

सायकल लोकलमधून न्यायचं म्हणाल तर गर्दीची वेळ सोडून मालडबा आणि स्टेशनवर सामानाच्या नियमांची चौकशी. घडीची सायकल असेल तर जीव सुखी. एक गंमत मात्र आहे. २०२५ पासून मध्य रेल्वेने लोकलमधला एक मालडबा बदलून ज्येष्ठ नागरिकांसाठी द्यायला सुरुवात केली आहे. म्हणजे सायकलवाल्या आजोबांसमोर पेच. बसायला जागा वाढतेय, सायकल ठेवायला कमी होतेय!

पाइपाच्या दुसऱ्या टोकाला

सगळ्यात महत्त्वाची गोळी पाण्याची. तुम्ही मुंबईत नळ सोडता तेव्हा ते पाणी येतं कुठून? भातसा, तानसा, वैतरणा. मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास एकटं भातसा देतं, आणि भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. तुमची राइड ज्या जाडजूड पाइपांच्या कडेने जाते ते पाइप तुमच्याच बाथरूमकडे निघालेले असतात.

आणि त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतो. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी वस्त्यांमधल्या बायका हंडे घेऊन आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरतात. फेब्रुवारी-मार्चपासून या बातम्या सुरू होतात, वर्षानुवर्षं. धरण उशाशी, कोरड घशाशी! धरणांचं पाणी शहरासाठी राखलेलं, आणि डोंगरउताराच्या खडकात पावसाचं पाणी टिकत नाही, ते वाहून जातं. शेजारच्या इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून इथल्या गावांना पाणी आणायची योजना आहे. तुमच्या गावापर्यंत ती पोचली का, एवढंच तुम्ही विचारायचं.

मुंबईत राहून आपण या गोष्टीबद्दल हळहळतो. तिथे राहायला गेलात की तुम्ही पाइपाच्या दुसऱ्या टोकाला उभे असाल. तिथे दोन प्रकारे राहता येतं. एक, कुंपण घालायचं, तीनशे फूट बोअर मारायची, लॉनला पाणी द्यायचं, आणि शेजारच्या पाड्याची विहीर का आटली हा प्रश्न दुसऱ्याचा समजायचा. दोन, छपराचं पाणी साठवायचं, लॉन विसरायचं, आणि बोअर मारायच्या आधी गावात विचारायचं. इथे पाऊस इतका पडतो की एका घराच्या छपरावरचं पाणी नीट टाकीत घेतलं तर उन्हाळ्याचा बराच भाग निघू शकतो. हा खर्च बंगल्याच्या बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा, शेवटच्या नाही. सायकल चालवणारा माणूस तसंही दोन बाटल्यांत चाळीस किलोमीटर काढायला शिकलेला असतो. तीच अक्कल घराला लावायची.

कागद आणि डॉक्टर

‘आसनगाव स्टेशनपासून दहा मिनिटं’ अशा जाहिराती तुम्ही पाहिल्याच असतील. दहा मिनिटं कोणत्या वाहनाने, हे त्यात लिहिलेलं नसतं. स्वतः सायकलने जाऊन मोजा. मग सातबारा बघा. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. तुमच्या नावावर शेती नसेल तर शेतजमिनीवरचं ‘फार्म हाउस’ हा विषय तिथेच संपला, बिगरशेती म्हणजे एनए झालेलीच जागा बघायची. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही. या दोन तालुक्यांत अशा जमिनी पुष्कळ आहेत, तेव्हा ‘आपण करून घेऊ’ म्हणणाऱ्या एजंटला नमस्कार करा. वनखात्याची हद्द कुठून जाते तेही विचारा. वकिलाची फी प्लॉटच्या मानाने चिल्लर असते.

दवाखान्याचं म्हणाल तर रोजच्या दुखण्याखुपण्याला शहापुरात सोय होते. मोठ्या दुखण्याला कल्याण, ठाणे नाहीतर नाशिक. रात्री दोन वाजता, पावसात, त्याच हायवेवरून. जोडीदार सायकलवाला नसेल तर हा परिच्छेद त्याला किंवा तिला आधी वाचायला द्या. निर्णय दोघांचा असतो, आणि घाटाचं कौतुक बहुतेक वेळा एकालाच असतं.

मग नाशिक का नको?

रास्त प्रश्न. थळ घाट चढून गेलात की पुढे नाशिक आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ नाशिकचेच. शहरात सायकलवाल्यांचे ग्रुप आहेत, इस्पितळं आहेत, हवा बरी आहे. रविवारी पन्नास जणांबरोबर चालवायला आवडत असेल तर नाशिक जास्त योग्य. तुम्हाला समुद्र हवा असेल तर अलिबाग सपाट आहे, दापोली सुंदर आहे, पण दापोलीला घरातून बाहेर पडलं की चढ आणि परत येताना पुन्हा चढ!

आसनगावच्या बाजूने एकच मोठा मुद्दा. मुंबई, ठाणे, डोंबिवलीतली तुमची माणसं. मुलं, भावंडं, शाळेतले मित्र, नाट्यगृह, फॅमिली डॉक्टर. रिटायर झालेला माणूस एकटा पडतो तो डोंगर कमी पडल्याने नव्हे, माणसं लांब राहिल्याने. आसनगावहून सकाळी निघून दादरला नातवाच्या वाढदिवसाला जाऊन रात्री परत येता येतं. आणि नातू मोठा झाल्यावर सायकल शिकायला आजोबांकडे येऊ शकतो, लोकलचं तिकीट काढून.

इथल्या लोकांसाठी सायकल हा छंद नसतो, हेही ध्यानात घ्या. शाळेत जाणारी मुलगी, कारखान्यातून सुटलेला कामगार, मागे दुधाचं कॅन बांधलेला माणूस, हे सगळे तुमच्या आधीपासून त्या रस्त्यावर आहेत. त्यांच्या सायकलला गिअर नसतात. ओव्हरटेक करताना घंटी वाजवा, रामराम म्हणा. चार महिन्यांत लोक तुम्हाला नावाने ओळखू लागतील. पंच्याहत्तरीत एक दिवस तुम्ही राइडला दिसला नाहीत तर विचारायला कोण येणार आहे? हीच माणसं.

सही करायच्या आधी

- वर्षभर भाड्याने राहा. निदान एक मे आणि एक जुलै तरी तिथे काढा. डिसेंबरमध्ये सगळीच गावं सुंदर दिसतात.
- घरापासून स्टेशन, औषधाचं दुकान आणि किराणा यांच्यापर्यंत सायकलने जा. मग तेच अंतर चालत जा. नंतर रिक्षा मिळते का ते रात्री नऊ वाजता बघा.
- हायवेवर न चढता करता येणारी दहा ते पंधरा किलोमीटरची एक राइड घराजवळ हवी. ती नसेल तर बाकी कितीही घाट असोत, जागा सोडा.
- मे महिन्यात गावातल्या विहिरीत डोकावा. टँकर येतो का, किती दिवसांनी येतो, ते पाड्यावर विचारा, एजंटला नको.
- शेजारी कोण आहे ते बघा. नुसते वीकएण्डचे बंगले असतील तर सोमवार ते शुक्रवार तुम्ही आणि वॉचमन.
- जोडीदाराला त्या गावात स्वतःचं असं काय करायला आवडेल, याचं उत्तर मिळेपर्यंत टोकन देऊ नका.

ही यादी वाचून उत्साह थोडा उतरला असेल तर चांगलंच. उतारावर ब्रेक हातात असलेला बरा. पण यातून पार झालात, हिशेब जुळला, पाणी मिळालं, जोडीदार हसून हो म्हणाला, तर आसनगावसारखी जागा मुंबईच्या इतक्या जवळ दुसरी सापडणं कठीण. एकीकडे माहुली, दुसरीकडे मुंबईला जाणारे रूळ, आणि मधे रोजची दहा किलोमीटर. चाळीस वर्षांनी यातलं शेवटचं सुटेल, पहिली दोन तिथेच असतील. घर बांधायचं ते या हिशेबाने.